जुन्यासाठी राबणारी पिन

मार्च १९९९मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीची २.१ आवृत्ती आली आणि तिच्यासोबत ‘ॲप्ट’. एखाद्या पॅकेजला कोणकोणत्या लायब्रऱ्या लागतात ते शोधून हे साधन सगळे आपणहून उतरवून घेई. खोड एकच: भांडारात सर्वांत नवी जी आवृत्ती, तीच घ्यायची.

डेबियनची स्थिर शाखा मात्र सावकाश चाले. ऑगस्ट २०००मध्ये ‘पोटॅटो’, जुलै २००२मध्ये ‘वुडी’, त्यानंतर ‘सार्ज’ थेट जून २००५मध्ये. (ही नावे ‘टॉय स्टोरी’ सिनेमातली, कायम अस्थिर असलेल्या शाखेला ‘सिड’, म्हणजे त्यातल्या खेळणी मोडणाऱ्या पोराचे नाव, हे फारच चपखल.) सर्व्हर सांभाळणाऱ्यांना ही संथ चाल हवीच होती. घरच्या संगणकावर मात्र एखादा ताजा प्रोग्रॅम हवासा वाटे, आणि त्यासाठी पुढची आवृत्ती जिथे घडत असते त्या ‘टेस्टिंग’ शाखेचे भांडार जोडले की पुढच्या अपग्रेडला सगळा संगणकच तिकडे जाई.

वुडीतल्या ॲप्टकडे यावर तोड होती: पिनिंग. ‘प्रेफरन्सेस’ फाइलीत पॅकेजचे नाव, शाखा किंवा आवृत्ती आणि एक आकडा, म्हणजे पसंतीचे गुण, लिहायचा. एरवी भांडारातल्या आवृत्तीला ५०० गुण, बसवलेलीला १००. टेस्टिंगला ५००हून कमी गुण दिले की मागितले तेवढेच तिथून येई.

खरी गंमत हजाराच्या पुढे आहे. १००१ लिहिले, की ॲप्ट नवी आवृत्ती काढून जुनी बसवते. ताज्या मालासाठी केलेली सोय अशी जुन्याच्या कामी आली. डेबियनने मात्र मागे जाण्याची हमी कधी घेतली नाही, आणि ते रास्तच आहे. पॅकेजांमधल्या स्क्रिप्ट पुढे जाण्याच्या हिशेबाने लिहिलेल्या असतात. नव्या आवृत्तीने बदललेला डेटा जुनीला वाचता येईलच असे नाही. शिवाय एका आवृत्तीवर खिळलेल्या लायब्ररीला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत.

तरी जुन्याची गरज पडतेच. डेबियनवर आधारलेल्या उबुंटूच्या एप्रिल २०२२मधल्या २२.०४ आवृत्तीत ओपनएसएसएल ३ ही एन्क्रिप्शनची लायब्ररी आली आणि १.१ आवृत्तीवर बांधलेले प्रोग्रॅम अडले. दोन्ही लायब्रऱ्यांची पॅकेजे वेगळ्या नावांची, त्यामुळे शेजारी नांदू शकतात, मग उबुंटू २०.०४चे भांडार जोडून, त्याला कमी गुण देऊन, तेवढी जुनी लायब्ररी आणता येते.

पिनमधल्या ऋण आकड्याचा अर्थ ‘कधीच नको’. २०२०मध्ये उबुंटूवरच बेतलेल्या लिनक्स मिंट २०ने उबुंटूच्या ‘स्नॅपडी’ला, म्हणजे ‘स्नॅप’ पॅकेजे बसवणाऱ्या साधनाला, उणे १० गुण देऊन दारातच थोपवले.