बंदच्या आदेशाची ताकद आणि त्यातली उणीव

पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा करण्यात महाराष्ट्र केंद्राच्याही पुढे होता. राज्याचा कायदा 1969चा. त्याखाली 7 सप्टेंबर 1970 रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले, तेव्हा केंद्राचा जल कायदा यायला अजून चार वर्षे होती. तो 1974मध्ये झाला आणि राज्याने 1 जून 1981पासून लागू केला. मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध तर 1912पासूनच कायदा होता. म्हणजे इथे कायद्यांची वाण कधीच नव्हती. तरीही औद्योगिक पट्ट्यांतल्या नद्या आणि खाड्या बिघडत गेल्या. याचे कारण विचारले की अपुरे कर्मचारी आणि हितसंबंध ही दोन उत्तरे हमखास मिळतात. दोन्ही खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. प्रदूषण नियंत्रण मंडळाने गोळा केलेला पुरावा कुणापुढे ठेवायचा आणि तो कुणाला पाहता येणार, या प्रश्नाच्या उत्तरावर अंमलबजावणीचा इतिहास जास्त घडला आहे.

सुरुवातीचे उत्तर होते न्यायालय. 1974च्या कायद्याचे कलम 21 वाचले की अधिकाऱ्याची अडचण लगेच कळते. कारखान्याच्या नळीतून सांडपाणी नुसते बाटलीत भरून भागत नाही. विश्लेषण करणार असल्याची नोटीस भोगवटादाराला तिथल्या तिथे द्यावी लागते. त्याने मागणी केली की नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही मोहरबंद करायचे आणि त्यांवर दोघांनीही सह्या करायच्या. यातली पायरी चुकली की अहवाल पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातल्या सेंद्रिय घाणीला लागणारा ऑक्सिजन, कळायलाच तीन दिवस लागतात, तोवर ते पाणी खाडीत मिसळून गेलेले असते. भविष्यातले प्रदूषण थांबवायचे तर कलम 33खाली मंडळाने पुन्हा दंडाधिकाऱ्यांकडेच अर्ज करायचा. ही काटेकोर पद्धत अन्याय्य मुळीच नव्हती. ज्या गुन्ह्याला कैद आहे तिथे आरोपीला असे संरक्षण हवेच. पण रात्रीत बदलणाऱ्या सांडपाण्याला आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या खटल्याला एका दोरीत बांधल्यावर दोरी कुणाच्या बाजूला ताणली जाणार, हे उघड होते.

डिसेंबर 1984मध्ये भोपाळला विषारी वायूची गळती झाली, त्यानंतर हे चित्र बदलले. 1986च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने केंद्राला उद्योग बंद करण्याचा अधिकार दिला. पाठोपाठ तोच अधिकार 1987च्या दुरुस्तीने हवा कायद्यात कलम 31अ आणि 1988च्या दुरुस्तीने जल कायद्यात कलम 33अ म्हणून राज्य मंडळांकडे आला. आता मंडळ स्वतः लेखी आदेश देऊन कारखाना बंद करू शकते, त्याची वीज आणि पाणी तोडायला लावू शकते. महावितरणने जोडणी कापली, एमआयडीसीने पाणी थांबवले की उत्पादन थांबते. त्यासाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही. माझ्या मते मंडळाला खरी धार आली ती इथे, स्थापनेनंतर तब्बल अठरा वर्षांनी.

यावर पहिला आक्षेप कामगारांच्या बाजूने येतो आणि तो हलका नाही. कारखाना बंद झाला की पहिला फटका कंत्राटी कामगाराच्या चुलीला बसतो. पण प्रक्रिया न केलेले सांडपाणी वाहत राहते तेव्हाही कुणाची तरी रोजी जातच असते, फक्त ती कुठल्या हजेरीपटावर नसते. तारापूर औद्योगिक वसाहतीविरुद्ध 2016मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची संघटना. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. न्यायालय मागे पडल्यावर प्रकरण मंडळ आणि कारखानदार या दोघांतच राहते. बंदचा आदेश निघतो, बँक हमी घेतली जाते, अटी घातल्या जातात, पुन्हा सुरू करण्याचा आदेश मिळतो. खटल्यात पुरावा उघडपणे तपासला जातो आणि निकाल कारणांसह मागे राहतो. इथे मागे राहते ती फाईल. म्हणून खटल्यांकडे परत जा, असे मी म्हणणार नाही. तो रस्ता नद्यांनी भोगलेला आहे. पण तातडीचा अधिकार वापरणाऱ्याने कारखाना पुन्हा सुरू का केला, कोणत्या नमुन्याच्या आधारे केला, हे प्रवाहाच्या खालच्या गावाला वाचता आले पाहिजे. 1988च्याच दुरुस्तीने सामान्य नागरिकाला साठ दिवसांची नोटीस देऊन स्वतः फिर्याद करण्याची वाट खुली केली, इतकेच नव्हे तर त्याने मागितलेले अहवाल देण्याची जबाबदारी मंडळावर टाकली. अहवालाविना ही वाट कागदावरच राहते, हे कायदा करणाऱ्यांना कळले होते.

अलीकडे हा प्रवास आणखी पुढे गेला आहे. 2023च्या जनविश्वास कायद्याने हवा कायद्यातल्या कैदेच्या अनेक शिक्षांच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. मोठ्या रसायन कारखान्याला ही रक्कम प्रक्रिया केंद्र चालवण्यापेक्षा स्वस्त पडेल, ही भीती मला रास्त वाटते. ऑगस्ट 2025मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने 33अ आणि 31अ या कलमांखाली मंडळे पर्यावरणाची भरपाईही वसूल करू शकतात, असा निर्णय दिला आणि त्यासाठी आधी नियम करण्याची अट घातली. या नियमांत भरपाईच्या मोजणीची पद्धत येईलच. त्याबरोबर नमुन्याचे अहवाल आणि सुरू-बंदचे आदेश त्याच दिवशी प्रसिद्ध करण्याचे बंधन यायला हवे, आणि वसूल झालेली रक्कम ज्या खाडीचे नुकसान झाले तिच्यावरच खर्च व्हायला हवी.