भारतातील टेस्ट ट्यूब बेबीचा इतिहास: कोलकाता आणि परळ

इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे २५ जुलै १९७८ रोजी जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्यानंतर सत्तराव्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात याच उपचाराने एका मुलीचा जन्म झाला. हा प्रयोग डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी सुनीत मुखर्जी आणि डॉ. सरोजकांती भट्टाचार्य यांच्यासह केला होता.

दोन्ही ठिकाणची पद्धत वेगळी होती. ओल्डहॅमला नैसर्गिक पाळीत तयार झालेले एकच स्त्रीबीज लॅपरोस्कोपीने काढले गेले. मुखोपाध्याय यांनी संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच पाळीत अनेक स्त्रीबीजे मिळवली आणि ती योनीमार्गे छेद घेऊन काढली. या संप्रेरकांमुळे गर्भाशयाचे अस्तर भ्रूण रुजण्यास अनुकूल राहत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवला व नंतरच्या नैसर्गिक पाळीत गर्भाशयात सोडला. संप्रेरके देणे आणि भ्रूण गोठवणे या दोन्ही गोष्टी आज नित्याच्या आहेत.

पश्चिम बंगाल सरकारने १९७८ मध्येच चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष रेडिओ-भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. समितीने हा दावा अविश्वसनीय ठरवला. जपानला जाऊन संशोधन मांडण्याची परवानगीही मुखोपाध्याय यांना नाकारण्यात आली. जून १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्ररोग संस्थेत झाली आणि १९ जूनला त्यांनी आत्महत्या केली. एका कर्तबगार संशोधकाला व्यवसायबंधूंनी आणि शासनाने वाऱ्यावर सोडले होते.

मुंबईत या कामाला संस्थांचे पाठबळ मिळाले. परळमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था आणि महापालिकेचे केईएम रुग्णालय एकमेकांच्या जवळच आहेत. डॉ. टी. सी. आनंद कुमार आणि डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. प्रत्येक टप्प्याच्या शास्त्रीय नोंदी उपलब्ध असल्याने तीच देशातील पहिली मानली गेली.

पुढे आनंद कुमार यांनी मुखोपाध्याय यांच्या हस्तलिखित नोंदी तपासल्या. त्यांची खात्री पटली आणि १९९७ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून त्यांनी पहिलेपणाचा मान कोलकात्याला दिला. स्वतःच्या नावावरचा मान पुराव्यापुढे सोडून देण्याची ही सचोटी शास्त्राच्या इतिहासात विरळाच.

एकेकाळी अविश्वसनीय ठरलेला हा विषय आता एमबीबीएसच्या पाठ्यक्रमाचा भाग आहे. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात वंध्यत्वाची कारणे, गर्भनलिकांची तपासणी, स्त्रीबीज निर्मितीसाठीची औषधे आणि सहाय्यक प्रजनन तंत्रे यांचा समावेश आहे. २०२१ च्या कायद्याने या उपचारकेंद्रांना नोंदणी सक्तीची केली असून उपचार घेणाऱ्या स्त्रियांसाठी २१ ते ५०, तर पुरुषांसाठी २१ ते ५५ वर्षे ही वयोमर्यादा ठरवली आहे. भावी डॉक्टरांनी या तंत्रांबरोबर त्यांचा इतिहासही शिकायला हवा: नवा दावा तपासावा तो त्या विषयातील जाणकारांनी, आणि संशोधकाने प्रत्येक पायरीची नोंद ठेवावी.