सापडलेली वस्तू आणि हरवलेला पुरावा

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बखरी, दप्तरे, ताम्रपट आणि शिलालेख उभे राहतात. ही साधने मोठ्या मानाची आहेत यात शंका नाही. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासाचा फार मोठा भाग असा आहे की, त्याची बखर कोणी लिहिली नाही आणि त्याचे दप्तर कोणी राखले नाही. त्या काळाची साक्ष द्यावयाची ती नांगराच्या फाळाला लागलेल्या खापराने, विहीर खणताना निघालेल्या मण्याने, पहिल्या पावसात उघड्या पडलेल्या नाण्याने. आणि गंमत अशी की, या वस्तू बहुधा संशोधकाच्या हाती प्रथम येतच नाहीत. त्या शेतकऱ्याला सापडतात, गवंड्याला सापडतात, गुरे राखणाऱ्या पोराला सापडतात. तेव्हा अशा वस्तूची ओळख कशी पटते, तिचा काळ कसा ठरवितात, आणि ती सापडल्यानंतरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत आपण तिचे काय करतो यावर इतिहासाचे किती अवलंबून असते, याचा आज आपण विचार करू.

सर्वांच्या परिचयाच्या वस्तूपासूनच आरंभ करावा हे बरे. आपल्याकडे पुष्कळ घरांतून देव्हाऱ्यात किंवा आजीच्या बटव्यात एखादी शिवराई जपून ठेवलेली असते. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे वाचली की, हे नाणे शिवछत्रपतींच्या काळचे, असा निर्वाळा आपण तत्काळ देऊन टाकतो. भावना समजण्यासारखी आहे, पण निर्वाळा बहुतेक वेळा चुकीचा असतो. शिवराईची घडण महाराजांच्या पश्चातही चालू राहिली. पेशवाईत ती फार मोठ्या प्रमाणावर पाडली गेली, आणि इंग्रजी अंमल बसल्यावरही ती बाजारात चालत होती. म्हणून जाणकार केवळ नाव वाचून थांबत नाही. तो अक्षरांचे वळण पाहतो, कडेची बिंदूंची माळ पाहतो, वजन करतो. अक्षरांच्या दोन ओळींमध्ये दोन समांतर रेघा असल्या, म्हणजे ती दुदांडी शिवराई असली, तर ते नाणे पेशवाईच्या अखेरीचे किंवा त्याहूनही अलीकडचे हे तो ओळखतो. नाण्यावरचे नाव आणि नाण्याचा काळ या दोन गोष्टी एक नव्हेत, हा या शास्त्राचा पहिला धडा होय.

दुसरा धडा तेरच्या मातीत सापडतो. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेली ही पेठ 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथाला ठाऊक होती. तेथे मातीच्या लहान लहान चकत्या मिळाल्या आहेत. त्यांवर रोमन बादशहाचे मस्तक उठविलेले असते आणि वर दोरा ओवण्यासाठी नाके ठेवलेले असते. रोमन नाण्याची ही देशी कुंभाराने केलेली नक्कल. गळ्यात घालण्याचा स्वस्तातला दागिना. आता एखाद्या चकतीवरचा मुखवटा तिबेरियस बादशहाच्या नाण्यावरून घेतला आहे असे ठरले, तर त्यावरून काय सिद्ध होते? तिबेरियसने इसवी सन 14 ते 37 या काळात राज्य केले. तेव्हा ती चकती इसवी सन 14 च्या पूर्वीची नाही, एवढेच. ती पुढे किती वर्षांनी केली, किती वर्षे कोणी गळ्यात वागविली आणि केव्हा मातीत पडली, हे ती चकती स्वतः सांगू शकत नाही. वस्तू घडली केव्हा, वापरात राहिली कोठवर आणि पुरली गेली केव्हा, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर पुष्कळदा वस्तूच्या अंगावर असते. उरलेल्या दोहोंचे उत्तर तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे मागावे लागते. ज्या थरात ती पडली तो थर, ज्या खापरांत ती मिसळली ती खापरे, ज्या मडक्यात ती ठेवली ते मडके, हे तिचे शेजारी.

हे शेजारी जागेवर राहिले तर केवढे काम होते, याचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातच आहे. 1906 मध्ये जोगळटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा एक साठा निघाला. नाणी तेरा हजारांवर होती. एकेक नाणे सुमारे दोन ग्रॅमचे, म्हणजे सगळी मिळून पंचवीस किलोच्या आसपास चांदी. एवढी चांदी दिसल्यावर सोनाराची मूस किती जवळ असते, हे सांगावयास नको. सुदैवाने साठ्याचा मोठा भाग अभ्यासकांच्या हाती आला, आणि रेव्हरंड स्कॉट यांनी तो बारकाईने तपासून मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा वृत्तांत दिला.

साठ्यातील नाणी मूळची क्षहरात क्षत्रप नहपान याची होती. एका बाजूस राजाचे मस्तक व भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत राजाचे नाव. पण यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला होता. एका बाजूस तीन कमानींची टेकडी आणि गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह या नावाने ओळखली जाणारी खूण. अडाणी डोळ्याला हे नाणे बिघडलेले वाटेल. अर्धे मस्तक पुसलेले, त्यावर टेकडी उमटलेली, अक्षरांत अक्षरे मिसळलेली. वाटणी करताना असली नाणी प्रथम आटणीला घालावी, असेच कोणालाही वाटले असते. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्या साठ्यातील खरी दौलत हीच. वरचा ठसा खालच्या ठशानंतरचा, हे सांगावयास कोणी पंडित लागत नाही. नहपानाचे चलन ज्याच्या खजिन्यात आले आणि ज्याने ते आपल्या नावाने पुन्हा चालविले, तो गौतमीपुत्र.

आता याला लेण्यांतील लेखांची जोड द्या. जुन्नरच्या लेखात नहपानाच्या अमात्याने 46 हे वर्ष नोंदविले आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्राचा अठराव्या राज्यवर्षातील लेख आहे. त्यात तो भिक्षूंना एक शेत देतो, आणि ते शेत आतापर्यंत उषवदाताकडे होते असे सांगतो. उषवदात हा नहपानाचा जावई. त्याच लेण्यात गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री आपल्या पुत्राने क्षहरातांचा वंश निखालस नाहीसा केला, असे अभिमानाने लिहविते. आईच्या तोंडची मुलाची स्तुती थोडी वाढीव असणार, असे कोणी म्हटले तर त्यास उत्तर काय? उत्तर जोगळटेंभीच्या मडक्यात होते. लेखांवरून जे अनुमान निघत होते, त्याला नऊ हजार साक्षीदार मिळाले. शिवाय या साठ्यात नहपानानंतरच्या क्षत्रपांचे नाणे नव्हते. तेव्हा नहपान आणि गौतमीपुत्र यांच्यामध्ये फार काळ गेला नसावा, असे दिसते. साठ्याचा सुमारे तिसरा हिस्सा ठशावाचून तसाच राहिला होता, यावरून जुने आणि ठसा मारलेले चलन काही काळ एकत्र खेळत होते असेही समजते.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. आधी कोण आणि नंतर कोण, हे या साठ्याने पक्के केले. पण नेमके साल त्याने सांगितले नाही. नहपानाची वर्षे शक संवताची मानली तर 46 म्हणजे इसवी सन 124 च्या सुमाराचा काळ येतो. ती त्याच्या स्वतःच्या कारकिर्दीची मानली तर सगळा हिशेब मागे सरकतो, आणि तसे मानणारे विद्वानही आहेत. क्रम ठरणे वेगळे आणि साल ठरणे वेगळे. ज्या वस्तूवर साल कोरलेले नाही तिच्याविषयी कोणी छातीठोकपणे एकच वर्ष सांगू लागला, तर ऐकणाऱ्याने थोडे सावध व्हावे.

जी साक्ष जोगळटेंभीला मिळाली, तिच्या अभावी काय होते हेही आपल्याच मुलखात पाहावयास सापडते. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे प्राचीन वस्तीचे ठिकाण आहे. 1974 मध्ये तेथे झाडाच्या बुंध्याशी खणताना एका ग्रामस्थाला ब्राँझच्या चार भरीव मूर्ती सापडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा, आणि चौथा बैलजोडी जुंपलेला रथ. रथ पंचेचाळीस सेंटिमीटर लांब असून त्यात सारथी उभा आहे. चारही मिळून वजन साठ किलोंच्या घरात. भारतीय धातुकामाच्या इतिहासात अशी जोड मिळणे कठीण.

या मूर्ती मोडीत गेल्या नाहीत हे आपले भाग्य. आज त्या संग्रहालयांत सुखरूप आहेत. पण त्या कोणत्या काळच्या? तेथे उत्खनन करणाऱ्या अधिकारी पुरातत्त्वज्ञांनी त्यांना उत्तर हडप्पा काळाच्या, म्हणजे जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीच्या मानले. उलट डी. पी. अग्रवाल यांनी धातूचे पृथक्करण केले, तेव्हा त्यात सोमलाचे मूलद्रव्य एक टक्क्याहून अधिक आढळले; त्या काळच्या इतर ताम्रवस्तूंत असा मिश्रधातू दिसत नाही, म्हणून या मूर्ती पुष्कळ अलीकडच्या, ऐतिहासिक काळातील असू शकतील असे त्यांनी सुचविले. दोन मतांत हजारापेक्षा जास्त वर्षांचे अंतर! हा वाद माजण्याचे कारण विद्वानांचा हट्ट नव्हे. मूर्ती निघाल्या तेव्हा त्या कोणत्या थरात होत्या, शेजारी कोणते खापर होते, वरून खड्डा खणून पुरल्या होत्या की थराबरोबरच दडल्या होत्या, हे टिपून घेणारा कोणी तेथे नव्हता. पुढे अनेक हंगाम उत्खनन झाले, पण एकदा उकरलेली माती पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. सापडणाऱ्या माणसाला यात दोष देण्याचे कारण नाही. त्याला हे कोणी शिकविले होते? शेजारी रंगीत खापराचा एक तुकडा नेमक्या जागी नोंदला गेला असता, तर प्रश्न सुटला असता. लाल पाठीवर काळ्या रेघांचे जोर्वे पद्धतीचे खापर पुरातत्त्वज्ञाला घड्याळासारखे उपयोगी पडते. बाजारात त्या तुकड्याला कवडीची किंमत नाही.

म्हणूनच आम्ही म्हणतो की, वस्तू सापडणे आणि पुरावा सापडणे या भिन्न गोष्टी आहेत. वस्तू हाती येते त्याच क्षणी पुरावा हरविण्यास सुरुवात होते. पहिली कुदळ थर मोडते, दुसरी मडके फोडते. मग भावकीत वाटणी होते आणि साठा विखुरतो. मग कोणी हौसेने चिंच आणि राख लावून नाणे लख्ख करतो, आणि तांब्यावरचा हिरवा थर जाता जाता अक्षरेही घेऊन जातो. शेवटी सोनार किंवा भंगारवाला.

लोक वस्तू लपवितात त्यास लोभापेक्षा भीती अधिक कारणीभूत असते. सरकारला कळले तर वस्तूही जाईल आणि चौकशीचा ससेमिराही लागेल, हा समज खेडोपाडी दृढ आहे. वस्तुतः 1878 च्या निखात निधीच्या कायद्यात शोधणाऱ्याचा हक्क मान्य केलेला आहे. दहा रुपयांवर किमतीचा ठेवा सापडल्यास कलेक्टरला वर्दी द्यावी. तो बेवारस ठरला आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसला, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे आणि एक मालकाचा. सरकारने तो घ्यावयाचा ठरविल्यास धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा द्यावा, असे त्यात आहे. वर्दी न दिल्यास मात्र वाटा जातो आणि शिक्षाही होते. हे नियम किती सातबारावाल्यांना ठाऊक असतील? आणि धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा, हा हिशेब मण्याला आणि खापराला कसा लावावयाचा? कायदा खजिन्याचा विचार करतो. पुराव्याचा विचार आपण करावयास हवा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 1997 पासून यासाठी एक व्यवस्था उभी राहिली. लोकांना सापडलेल्या किरकोळ वस्तूही, बकल, सुई, अंगठी, नाणे, त्या त्या भागातील नेमलेल्या जाणकाराला दाखवावयाच्या. तो वस्तू ओळखतो, मोजतो, चित्र घेतो, जागा नोंदवितो, आणि बहुतेक वेळा वस्तू ज्याची त्याला परत देतो. सरकारजमा होण्याची भीती गेल्याबरोबर लोक पुढे आले. आजवर दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. आपल्याकडे त्याचे बीज नाही असे नव्हे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावच्या मातीतून निघणाऱ्या वस्तू जमवून जपल्या, आणि त्या संग्रहातून तेथे शासकीय संग्रहालय उभे राहिले. एका गृहस्थाने एका गावासाठी जे केले, ते प्रत्येक तालुक्याच्या गावी एखाद्या वाचनालयाला किंवा शाळेला करता येण्यासारखे आहे.

आपण शहरात राहणारी माणसे यात काय करणार, असे कोणी विचारील. आपल्यापैकी अनेकांची शेते गावी आहेत, अनेकांची घरबांधणी चालू आहे, कोणी शिक्षक आहेत, कोणी सराफीच्या धंद्यात आहेत. काही सापडले तर खणणे तेवढ्यापुरते थांबवावे. वस्तू धुऊ-घासू नये. मडक्याचे तुकडे फेकू नयेत. वाटणीपूर्वी सर्व नाणी मोजून, पुसट व बिघडलेलीसुद्धा, एकत्र ठेवावीत. कोणत्या गटात, बांधापासून किती अंतरावर, किती हात खोल, हे त्याच दिवशी कागदावर लिहावे आणि छायाचित्र घ्यावे. मग तहसील कचेरीत वर्दी द्यावी आणि पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या संग्रहालयाला कळवावे. सराफांना एवढीच विनंती की, जुनी नाणी मोडीला आली तर मूस तापविण्यापूर्वी ती एकदा कोणा जाणत्याच्या नजरेखालून घालावीत. एका संध्याकाळच्या विलंबाने चांदीचा भाव उतरत नाही. सातवाहनांच्या विजयाचे नऊ हजार साक्षीदार अशाच एका विलंबामुळे आपल्यापर्यंत पोहोचले.