पाटल्या आणि कॅमेरा

दादासाहेब फाळक्यांवर दरसाल कुठं ना कुठं लिहून येतं. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला, हे शाळेतली पोरंसुद्धा सांगतात. मला मात्र त्याच्या आधीचं एक-दीड वर्ष जास्त जवळचं वाटतं. हातात पैसा नाही, पुढचा भरवसा नाही, आणि तरी अवजार घ्यायचं की नाही ते ठरवायचं, हा पेच शेतकऱ्याला दर दोन-तीन वर्षांनी पडतो. फाळक्यांना तो कॅमेऱ्यापायी पडला होता.

फाळके १८७० सालचे, त्र्यंबकेश्वरचे. तेव्हा वय चाळिशीच्या पुढं गेलेलं. छापखान्यातली भागीदारी मोडलेली. घरात बायको, पोरंबाळं. अशात गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट बघितला आणि त्यांच्या डोक्यात आपल्या देवादिकांची चित्रं हलायला लागली. विम्याची पॉलिसी तारण ठेवून त्यांनी पैसे काढले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठलं. तिथं 'बायस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकानं आधी त्यांना या धंद्यात पडू नका म्हणूनच सांगितलं. यांनी ऐकलं नाही. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्र घेतलं आणि एप्रिलमध्ये परत आले.

परत आल्यावर त्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला आणि त्याच्यासमोर कॅमेरा मांडला. रोज थोडी थोडी फिल्म घ्यायची. अंकुर, मग कोंब, मग वेल. पडद्यावर तो दाणा बघता बघता उगवून मोठा होतो. भांडवल घालणाऱ्यांना दाखवायला ही फिल्म होती. मला याचं फार कौतुक वाटतं. सावकाराला पटवायचं तर राजाराणी नको, उगवणारं बी दाखव. बी उगवताना बघितलं की कुणाचाही हात खिशाकडं जातो.

पण पॉलिसी आणि वाटाणा एवढ्यानं भागलं नाही. सरस्वतीबाईंचे दागिने गेले. फाळक्यांच्या या पत्नीबद्दल दोन ओळींत उरकून टाकायची पद्धत आहे. कोरी फिल्म बिनभोकाची यायची. रात्री अंधारात बसून ती भोकं पाडायचं काम त्या करत. शूटिंगच्या माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडं, फिल्म धुण्यातही त्यांचा हात. कॅमेरा फाळक्यांच्या हातात दिसतो, फोटोत तसाच आहे. त्यातून निघालेल्या चित्रपटाच्या खर्चातला वाटा मात्र बाईच्या अंगावरून उतरलेला होता.

दुसरी गोष्ट कोल्हापूरची, ती आम्हाला जवळची. बाबूराव पेंटर हे सुतारकाम, कोरीवकाम जाणणाऱ्या मिस्त्री घराण्यातले. नाटकांचे पडदे रंगवायचे. त्यांना आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांना चित्रपटाचं वेड लागलं. दिवस पहिल्या महायुद्धाचे. विलायतेहून यंत्र मागवावं तर पैसा नाही, आणि पैसा असता तरी बोट पोचेल याची खात्री नाही. तेव्हा कॅमेरा इथंच बनवायचं ठरलं. १९१६ ला आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. दामल्यांच्या मदतीनं १९१८ साली कॅमेरा तयार झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती तानीबाई कागलकर या गायिकेनं पैसा घातला म्हणून. म्हणजे इथंही बाईचाच पैसा, आणि तोही गळ्यातून उतरलेला नाही तर गळ्यानं कमावलेला. याच कंपनीनं १९२५ ला 'सावकारी पाश' काढला. खोट्या कागदानं जमीन गिळणारा सावकार आणि शहरात मजुरीला लागलेला शेतकरी. शेतकऱ्याचं काम शांतारामबापूंनी केलं होतं.

हे सगळं मी पुस्तकांतून नंतर वाचलं. आधी बघितलं ते आमच्या घरात, १९७३ च्या उन्हाळ्यात.

आमचा मुलूख सांगली जिल्ह्याचा, खानापूर तालुक्याकडचा. ७२ चा पाऊस गेला होता. बैलं निम्म्या किमतीत काढली होती. घरातली सगळी धडधाकट माणसं दुष्काळी कामावर, खडी फोडायला नाहीतर पाझर तलावावर. मिलोची भाकरी आणि सुकडी. मी तेव्हा आठवीत होतो. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, ते दुष्काळाआधी तालुक्याच्या गावी एका फोटो स्टुडिओत हाताखाली कामाला होते. फिल्म धुणं, कागद सुकवणं, निगेटिव्हवर पेन्सिलीनं टचिंग करणं त्यांना येत होतं. लगीनसराई बसली तसा त्या मालकानं स्टुडिओ गुंडाळला आणि मुंबईला जायचं ठरवलं. त्याच्याकडं एक याशिका होता, वरून खाली बघायचा, पोटाशी धरायचा, दोन डोळ्यांचा डबा. जुना. कॅमेरा, इन्लार्जर आणि फ्लॅश मिळून साडेनऊशे रुपये सांगितले. त्या काळात परदेशी माल आणायला सरकारची मुभा जवळजवळ नव्हतीच, त्यामुळं नव्याची गोष्टच काढायला नको.

साडेनऊशे म्हणजे थोरल्या काकीच्या तीन तोळ्यांच्या पाटल्या. घरात दुसरं काही नव्हतं.

धाकटे चुलते गलाईच्या धंद्यावर दक्षिणेत. आमच्या भागातली निम्मी घरं या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यावर जगली, त्यामुळं सोन्याचा भाव आमच्याकडं पावसाच्या आधी कळतो. त्यांचं कार्ड आलं. लिहिलं होतं, सोनं हलवू नका, भाव चढायच्या बेतात आहे. आज्जीचं म्हणणं निराळंच. ती म्हणाली, "पाटल्या इकायच्या तर बैलं घ्या. डब्याला काय वैरण घालून औत हाणणार हायसा का?" तिचं चुकीचं नव्हतं. पाऊस पडला तर पेरणीला बैल लागणार होताच.

तात्यांचा हिशेब असा होता. लग्नं नसली तरी फोटो लागणार. पोरं मुंबईला निघालीत, गलाईला निघालीत, त्यांना म्हाताऱ्या आईबापाचा फोटो बरोबर पाहिजे. म्हातारी माणसं या दोन वर्षांत पटापट चाललीत. आमच्याकडं तेव्हा माणूस गेल्यावर त्याला भिंतीला टेकवून, टोपी घालून फोटो काढायचे. कारण जितेपणी कधी काढलेलाच नसायचा. आणि एसटीच्या पासाला, बँकेच्या कागदाला फोटो मागायला लागले होते.

पाणी ही खरी अडचण होती, आणि ती काकीनंच काढली. "आवं, धुयाला पानी कुटलं?" फोटो हायपोतून काढल्यावर पाण्यात चांगला अर्धा तास धुवावा लागतो, नाहीतर पिवळा पडतो. ते पाणी जनावराला पाजता येत नाही, झाडाला घालता येत नाही. मैलभरावरून डोक्यावर हंडे आणणाऱ्या बाईनं हा प्रश्न विचारला नसता तर नवल. तात्यांनी कबूल केलं की पाऊस पडेपर्यंत घरात एक फोटो धुणार नाही. रोल एसटीनं सांगलीला ओळखीच्या स्टुडिओत पाठवायचे.

दोन दिवस कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी काकीनं साबण लावून पाटल्या काढल्या. अट एकच घातली. पहिला फोटो आत्याबाईंचा, म्हणजे बैलं घ्या म्हणणाऱ्या आमच्या आज्जीचा. आज्जी म्हणाली, "मला कशाला? म्या काय मरायला टेकलीया?" पण बसली. तो फोटो अजून सोप्यात आहे. डोळ्यांत राग स्पष्ट दिसतो.

मग काकीनं चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायला सुरुवात केली. एक रोल संपला की एक रेघ. एका रोलमध्ये बारा फोटो. रोल कधी उटीच्या सरकारी कारखान्यातला 'इंदू', कधी पूर्व जर्मनीचा 'ओर्वो', मिळेल तो. काकीला अक्षर येत नव्हतं, पण रेघा मोजून ती तात्यांना सांगायची की या महिन्यात एवढे रुपये यायला पाहिजेत, आलेत किती? तात्या उधारीवर फोटो द्यायचे, तिथं त्यांची बोलती बंद व्हायची. ७३ ला पाऊस झाला. पण त्याच सालाच्या अखेरीस अरब देशांनी तेलाचे भाव वाढवले आणि ७४ मध्ये सगळंच महाग झालं, फिल्म, कागद, औषधं. मे महिन्यात रेल्वेचा संप. दोन महिने रोल मिळाला नाही तेव्हा भिंतीवर रेघ नाही. कळशीभर पाणी मात्र विहिरीत होतं.

सोन्याचंही धाकट्या चुलत्यांनी सांगितलं तेच झालं. १९७३ ला दहा ग्रॅमला पावणेतीनशेच्या आसपास असलेलं सोनं ७४ ला पाचशेच्या वर गेलं. नुसत्या आकड्यांनी बघितलं तर तात्यांचा सौदा तोट्यातला. मी हे अनेकदा मांडून बघितलंय आणि दर वेळी उत्तर तेच येतं. पण त्याच आकड्यांत हेही धरावं लागतं की ७४ आणि ७५ ही दोन सालं आमच्या घरातलं कुणी खडी फोडायला गेलं नाही, माझी दहावीची फी रेघांतून गेली, आणि ७५ च्या पेरणीला बैलजोडी दावणीला होती. पाटल्या पेटीत राहिल्या असत्या तर महाग झाल्या असत्या हे खरं. त्या पेटीत राहिल्या असत्या का, हा दुसरा प्रश्न. दुष्काळात आमच्या गल्लीतल्या बऱ्याच पेट्यांतलं सोनं भाव चढायच्या आधीच ज्वारीच्या पोत्यात गेलं होतं.

काकीला तात्यांनी पाटल्या करीन म्हणून सांगितलं होतं. १९८० ला सोनं तेराशेवर गेलं तेव्हा तो विषय निघायचा बंद झाला. ८२ साली त्यांनी एक तोळ्याची बोरमाळ केली. काकीनं ती हातात तोलून बघितली आणि म्हणाली, "दोन तोळं ऱ्हायलं बगा अजून." ते राहिलेच. बोरमाळ आता माझ्या चुलतभावाच्या सुनेकडं आहे, आणि कॅमेरा माळ्यावर, गोणपाटात गुंडाळलेला.