वारसदाराची पारख

पालघरच्या खाडीकांठीं, माकुणसार व आसपासच्या गांवांकडे, बांधाचें महत्त्व कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. खारबंदिस्तीचा बांध घालणें हें एकदांचें काम. तो राखणें हें प्रतिवर्षाचें. खेकड्यांचीं बिळें बुजविणारा आणि उघाडीवर लक्ष ठेवणारा माणूस जुन्या पिढीनें तयार केला नाहीं, तर खारें पाणी भातशेतींत शिरावयास उशीर लागत नाहीं. ग्रंथांना आणि आजच्या संगणकाच्या आज्ञावल्यांनाही हाच न्याय लागू पडतो. ज्यांचा मूळ मजकूर सर्वांस वाचावयास व सुधारावयास खुला असतो, त्या 'मुक्तस्रोत' आज्ञावल्यांचा इतिहास या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. त्यांत सुधारणा कोणीही सुचवावी. ती मूळ प्रतींत घ्यावी कीं नाहीं, हें मात्र थोडे विश्वासू रक्षकच ठरवितात. हे रक्षक निवडावे कसे?

हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें सिद्ध झाली. पुढें नकला होतां होतां तींत अपपाठ शिरले. पैठणच्या एकनाथांनीं अनेक प्रती ताडून शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, शुद्ध प्रत तयार केली, आणि यापुढें कोणीं तींत स्वतःची ओंवी घालूं नये असें बजावलें. स्वतः समर्थ कवि असूनही दुसऱ्याच्या ग्रंथांत आपला शब्द मिसळावयाचा नाहीं, या संयमांतच त्यांची रक्षक म्हणून योग्यता होती.

संयमाची ही पारख आधुनिक काळांत नियमांनीं करण्याचा यत्न 'डेबियन' या संघानें केला. इयन मर्डॉक यानें १९९३ मध्यें स्थापिलेल्या या संगणकप्रणालीस जगभरचे स्वयंसेवक मिळाले; परंतु भरतीची व्यवस्था अपुरी पडून १९९९ मध्यें नव्यांस घेणें थांबवावें लागलें. २००० मध्यें तें पुन्हां सुरू झालें, तें चाळणी लावून. जुन्या सभासदानें उमेदवाराची ओळख पटवावी, कोणीं तरी त्याची शिफारस करावी, संघाचीं तत्त्वें त्यास उमगलीं आहेत कीं नाहींत हें प्रश्नोत्तरांनीं पाहावें, आणि शेवटीं त्याच्या हातचें काम तपासावें. ही पद्धति फार संथ आहे अशी तक्रार पुष्कळदां झाली.

परंतु घाईचें व एकटेपणाचें मोल किती, हें २०२४ मध्यें दिसलें. माहिती आटोपशीर करून सांठविणारी 'एक्सझेड' ही आज्ञावली असंख्य संगणकांत वापरली जाते; तिचा भार मात्र लासे कॉलिन या एका फिनलंडवासी रक्षकावर होता. 'जिया टॅन' हें नांव धारण करणारा कोणी २०२१ पासून सुधारणा पाठवूं लागला. २०२२ मध्यें अपरिचित नांवांनीं पत्रें येऊं लागलीं: काम रेंगाळतें, दुसरा माणूस नेमा. थकलेल्या रक्षकानें नव्या उद्योगी सहायकास अधिकार दिले. फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तींत त्याच सहायकानें परक्यास आंत शिरूं देणारा चोरदरवाजा दडविला. दूरच्या संगणकांत प्रवेश करण्यास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या खुणेवरून आंद्रेस फ्रॉइंड यानें शोध घेतला आणि २९ मार्च रोजीं तो प्रसिद्ध केला. म्हणून मोठा अनर्थ टळला.

येथें दोष नव्या माणसास घेण्यांत नव्हता. चिकाटीचें सोंग दोन वर्षें आणितां येतें; परंतु अनेकांच्या डोळ्यांदेखत, वांटून दिलेल्या अधिकारानें काम करावें लागलें, तर तें सोंग टिकविणें कठीण. शिवाय जो थकल्यावर वारस शोधतो, त्यास निवड करण्याचें स्वातंत्र्य उरत नाहीं. जो हात पुढें येईल तो धरावा लागतो. आमच्या गांवोगांवच्या वाचनालयांत एकच चिटणीस वर्षानुवर्षें किल्ल्या संभाळतो आणि आम्ही त्याची स्तुति करून घरीं जातों. स्तुतीऐवजीं त्याच्याजवळ आजच दोन होतकरू तरुण बसवावे, हें आमच्या मतें अधिक हिताचें.