छत्तीसगडी संगीत : अल्बमकडून एकेका गाण्याकडे

रायपूर : एका मुखपृष्ठाखाली आठ-दहा गाणी एकत्र देणारी कॅसेट हे छत्तीसगडी संगीताच्या बाजारपेठेचे दीर्घकाळ मुख्य चलन होते. आता रायपूर आणि परिसरातील गायक-संगीतकार बहुतांशी एकेक गाणे स्वतंत्रपणे यूट्यूबवर प्रसिद्ध करतात. या बदलामुळे नव्या कलावंतांना श्रोत्यांपर्यंत थेट पोहोचता येते. मात्र गीतकार आणि संगीतकारांचे श्रेय व मोबदला सुरक्षित कसा राहील, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला आहे.

सुटे गाणे ही डिजिटल युगाची निर्मिती नव्हे. ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटांचे एकच गाणे मावत असे. अशा तबकड्या वहीसारख्या बांधणीत ठेवल्या जात. त्यावरूनच ‘अल्बम’ हा शब्द रूढ झाला. १९४८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने दीर्घ मुद्रिका आणली आणि अनेक गाणी एका तबकडीवर आली. मराठी श्रोत्यांना परिचित असलेले ‘गीतरामायण’ही १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाले, संच म्हणून ते नंतर घरोघरी गेले.

छत्तीसगडमध्येही रेडिओ आणि रंगमंच आधी आले. रायपूर आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले. दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१ मध्ये दुर्गजवळील बघेरा येथे ‘चंदैनी गोंदा’ ही प्रस्तुती उभी केली. लक्ष्मण मस्तुरिया यांची गीते आणि खुमान साव यांचे संगीत तीत होते. शेतकरी जीवनाच्या सूत्रात गुंफलेली ही गीतमाला म्हणजे एका अर्थाने अल्बमच होता; तो रंगमंचावर सादर होत असे, इतकेच.

पुढे स्वस्त कॅसेटने बोलीभाषांतील संगीताला बाजारपेठ दिली. छत्तीसगडी संग्रहांना सणांचे वेळापत्रक होते : नवरात्रात जसगीत, दिवाळीच्या सुमारास सुवागीत, होळीला फाग. मुद्रण, छपाई आणि वितरणाचा खर्च एकाच वेळी करावा लागत असल्याने अनेक गाणी एकत्र देणे विक्रेत्याला परवडत असे. व्हीसीडीनेही हीच रीत चालवली.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि हे गणित बदलले. वितरणाचा खर्च जवळपास उरला नाही. एका गाण्याचे चित्रीकरण करून प्रतिसाद पाहणे आणि मग पुढचे गाणे करणे शक्य झाले. ‘केके कॅसेट’ या छत्तीसगडी गाण्यांच्या यूट्यूब वाहिनीच्या नावात जुने माध्यम आजही टिकून आहे.

तोटा मात्र नोंदींचा झाला. रेडिओवर निवेदक गीतकार-संगीतकाराचे नाव सांगत असे, कॅसेटच्या वेष्टनावर ते छापलेले असे. मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यात बहुधा गायक आणि सूर एवढेच उरतात. मूळ संदर्भापासून गाणे कसे सुटते, याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘दिल्ली-६’ (२००९) या चित्रपटातील ‘गेंदा फूल’. ते छत्तीसगडी लोकगीतावर बेतलेले असले, तरी देशभरातील असंख्य श्रोत्यांना ते चित्रपटगीत म्हणूनच माहीत आहे.

कायद्याचे संरक्षण उपलब्ध आहे. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा स्वामित्वधनातील वाटा अबाधित ठेवला. तथापि तो मिळण्यासाठी रचनेची नोंद ‘आयपीआरएस’ या संस्थेकडे असणे महत्त्वाचे ठरते. ध्वनिमुद्रणाची ओळख वेगळी असते. तिच्यासाठी ‘आयएसआरसी’ हा बारा अक्षर-अंकांचा संकेतांक वापरला जातो. शिवाय स्पॉटिफायने २०२४ पासून, मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले गेले असेल तरच ध्वनिमुद्रणाला मोबदला, असा नियम केला आहे. कमी श्रोते असलेल्या भाषांना तो अधिक जाचक ठरू शकतो.

सर्वच परंपरा सुट्या गाण्यात बसत नाहीत. दोन ओळींच्या ददरियाला हे माध्यम सहज मानवते. पद्मविभूषण तीजनबाईंनी जगभर नेलेली पंडवानी मात्र महाभारतातील प्रसंग विस्ताराने उलगडते. तिला कॅसेटची एक बाजूही अपुरीच होती. त्यामुळे अल्बम मागे पडल्याने छत्तीसगडी संगीत संपत नाही. पण संचासोबत जाणारी नावे आता प्रत्येक गाण्यासोबत स्वतंत्रपणे नोंदवावी लागतील.