लेझर प्रिंटरद्वारे थेट परिपथ मुद्रण

लेझर प्रिंटरद्वारे थेट परिपथ मुद्रण ही मुद्रित परिपथ फलक म्हणजेच पीसीबी घरी किंवा छोट्या कार्यशाळेत तयार करण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत प्रिंटरच्या रचनेत बदल करून कागदाऐवजी तांब्याचा थर असलेला फलकच त्यातून पुढे सरकवला जातो. फलकावर उमटलेला टोनर वितळवून पक्का केला जातो आणि त्यानंतर उघडे राहिलेले तांबे रसायनात विरघळवले जाते. टोनरखालचे तांबे शिल्लक राहते व तेच परिपथातील विद्युतवाहक मार्ग बनते.

पार्श्वभूमी

विद्युतरोधक फलकावर धातूच्या पातळ थराचे मार्ग तयार करण्याची कल्पना व्हिएन्नात जन्मलेले अभियंते पॉल आयस्लर यांनी १९३० च्या दशकात लंडनमध्ये प्रत्यक्षात आणली. त्याच दशकात, २२ ऑक्टोबर १९३८ रोजी, चेस्टर कार्लसन यांनी न्यू यॉर्कमधील ॲस्टोरिया येथे स्थिर विद्युतभाराच्या साहाय्याने पहिली कोरडी छायाप्रत काढली. हे तंत्र पुढे झेरोग्राफी या नावाने ओळखले गेले. मराठीत छायाप्रतीसाठी रूढ झालेला ‘झेरॉक्स’ हा शब्द या तंत्राची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या नावावरून आला आहे. याच कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर यांनी झेरोग्राफीला लेझर किरणांची जोड देऊन लेझर प्रिंटर विकसित केला. १९८४ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचा लेझरजेट बाजारात आल्यानंतर हे यंत्र कार्यालयांत आणि कालांतराने घरांत पोहोचले.

टोनर ही शाई नसून रंगद्रव्य मिसळलेली प्लॅस्टिकची सूक्ष्म पूड असते. तांबे विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडच्या द्रावणाचा तिच्यावर परिणाम होत नाही. त्यामुळे छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांमध्ये प्रथम टोनर-स्थानांतर पद्धत रूढ झाली. तिच्यात गुळगुळीत कागदावर आराखडा छापून तो गरम इस्त्रीने तांब्यावर उतरवतात. मात्र दाब किंवा उष्णता असमान झाल्यास रेषा तुटतात किंवा पसरतात आणि कागद सोलताना टोनर निघून येतो. कागदाचा हा टप्पाच वगळणे हा थेट मुद्रणाचा हेतू आहे.

प्रिंटरमधील अडचणी आणि बदल

जाडी : साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते, तर प्रचलित फलकाची १.६ मिलिमीटर असते. बहुतेक प्रिंटरमध्ये कागद वळणे घेत जातो. ताठ फलक तसा वळू शकत नाही. म्हणून मागचा-पुढचा भाग कापून सरळ मार्ग तयार करतात आणि ढोल व स्थानांतर रूळ यांच्यातील अंतर वाढवतात. ०.२ ते ०.४ मिलिमीटर जाडीचे लवचीक फलक वापरल्यास हे बदल कमी करावे लागतात.

विद्युतभार : ढोलावरील टोनर कागदाकडे ओढला जातो तो कागदामागील रुळाच्या विरुद्ध विद्युतभारामुळे. कागद विद्युतरोधक असतो, तांबे मात्र उत्तम वाहक आहे. त्याची कड यंत्रातील भूसंपर्कित धातूच्या भागाला लागली की भार निघून जातो आणि चित्र फिकट किंवा अर्धवट उमटते. त्यामुळे फलकाच्या मार्गातील धातूचे भाग विद्युतरोधक करावे लागतात.

उष्णता : मूळ यंत्रात सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाचा रूळ टोनर वितळवतो. तांबे कागदाच्या हजारो पटींनी अधिक उष्णतावाहक असल्याने रुळाची उष्णता शोषून घेते आणि टोनर नीट चिकटत नाही. म्हणून हा टप्पा यंत्राबाहेर भट्टीत किंवा तापपट्टीवर पार पाडतात. ॲसिटोनच्या वाफेनेही टोनर मऊ होऊन चिकटतो; मात्र वाफ अधिक झाल्यास रेषा पसरतात.

संवेदक : कागद ठरावीक क्षणी ठरावीक जागी न पोहोचल्यास प्रिंटर थांबतो. तापरूळ काढून टाकल्यासही त्याच्या तापमानाची नोंद न मिळाल्याने यंत्र बिघाड दर्शवते. यासाठी सूक्ष्मनियंत्रकाद्वारे संवेदकांना अपेक्षित संकेत पुरवले जातात.

कृती

फलकाच्या कडा कानशीने घासून गुळगुळीत करतात, अन्यथा ढोलाच्या प्रकाशसंवेदी थरावर ओरखडे पडतात. तांबे घासून व अल्कोहोलने पुसून तेलकटपणा घालवतात. आराखड्याची दिशाही महत्त्वाची आहे. टोनर-स्थानांतरात प्रतिमा एकदा उलटते, थेट मुद्रणात उलटत नाही. म्हणून वरच्या बाजूचा आराखडा जसाच्या तसा, तर संगणकावर वरून पाहिल्याप्रमाणे दिसणारा खालच्या बाजूचा आराखडा आरशातील प्रतिमेप्रमाणे छापावा लागतो. ही दिशा चुकल्यास एकात्मिक परिपथांच्या पायांचा क्रम उलटतो आणि फलक निरुपयोगी ठरतो.

दर इंचाला ६०० बिंदू छापणाऱ्या प्रिंटरचा एक बिंदू सुमारे ०.०४२ मिलिमीटरचा असतो, ०.२५ मिलिमीटर रुंदीच्या मार्गात असे सुमारे सहा बिंदू बसतात. टोनरमधील सूक्ष्म छिद्रे कायमस्वरूपी शाईच्या पेनने बुजवतात. प्रचलित तांब्याचा थर ३५ मायक्रोमीटर जाडीचा असतो. द्रावण रेषेच्या कडांखालीही शिरत असल्याने फलक गरजेपेक्षा अधिक काळ बुडवून ठेवल्यास बारीक मार्ग तुटतात. शेवटी ॲसिटोनने टोनर पुसून छिद्रे पाडतात.

सुरक्षितता

आवरण काढलेल्या प्रिंटरमध्ये उच्च विद्युतदाबाचे भाग उघडे पडतात. त्यातील लेझर सहसा अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसत नाही, पण दृष्टिपटलाला कायमची इजा करू शकतो. त्यामुळे आवरण उघडताच लेझर बंद करणारी कळ निकामी करणे धोकादायक असते. टोनर तापवलेली भट्टी अन्नासाठी वापरू नये; ॲसिटोन अतिज्वलनशील असल्याने जवळ ज्योत किंवा ठिणगी नसावी. फेरिक क्लोराइड त्वचेला व डोळ्यांना अपायकारक असून धातूची भांडी खाते. ते प्लॅस्टिकच्या भांड्यात ठेवतात. वापरलेल्या द्रावणातील तांब्याचे क्षार जलचरांना विषारी असतात, म्हणून ते गटारात न ओतता घातक कचरा म्हणून वेगळे द्यावे लागते.

मर्यादा

या पद्धतीत छिद्रांच्या आतील भिंतींवर तांब्याचा थर चढत नाही. दोन बाजूंमधील जोडण्या तार ओवून डाख द्यावा लागतो. दोन्ही बाजूंचे आराखडे तंतोतंत जुळवणेही कठीण असते. व्यावसायिक कारखाने अल्प संख्येतही फलक बनवून देत असल्याने तयार वस्तूसाठी तोच मार्ग अधिक सोयीचा असतो. आराखड्याची त्याच दिवशी चाचणी घ्यायची असल्यास मात्र ही पद्धत उपयोगी पडते.